न नोंदवलेली तक्रार

टेलिफोन खात्यात माझी ३८ वर्षं गेली. त्यातली पहिली अकरा १९८ च्या टेबलावर. १९८ म्हणजे काय, हे आज चाळिशीच्या आतल्या माणसाला सांगूनही पटत नाही. तुमचा फोन बंद पडला, की शेजाऱ्याच्या फोनवरून (त्याचा चालू असलाच तर) तुम्ही १९८ फिरवायचं. तिकडे मी किंवा माझ्यासारखाच कुणीतरी हॅलो म्हणायचा, नंबर लिहून घ्यायचा, डॉकेट नंबर द्यायचा, आणि त्यानंतर काहीही व्हायचं नाही. "केबल भिजलीय" या दोन शब्दांवर मी जून ते सप्टेंबर काढत असे. मुंबईतल्या यच्चयावत भाषांतल्या शिव्या मी त्या टेबलावर ऐकल्या. एक पारशी गृहस्थ मात्र आधी "डिकरा" म्हणत आणि मग द्यायचं ते देत.

हे पुराण लावायचं कारण एवढंच, की त्या अकरा वर्षांत एकदाही, चुकूनसुद्धा, आम्ही कुणाला आपणहून फोन करून "साहेब, तुमच्या लाईनमध्ये बिघाड दिसतोय हं" असं म्हटलेलं नाही. तशी कल्पना कुणी स्टाफ मीटिंगमध्ये मांडली असती, तर त्याला विश्रांतीसाठी घरी पाठवलं असतं.

इतका तयार माणूस मी. आणि मे २०२४ मध्ये, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, मुलाच्या घरी, सकाळी अकरा वाजता मी फोन उचलला.

सहा महिने मुलाकडे राहायला गेलेल्या आईबापांची सकाळ कशी असते, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. मुलगा-सून ऑफिसात, नातू शाळेत. ही स्वयंपाकघरात चकलीची भाजणी तिथल्या पिठांतून जमवण्याच्या खटपटीत. मी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मराठी पेपर शेवटच्या छोट्या जाहिरातीपर्यंत वाचून संपवलेला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी भिंतीजवळचा फोन वाजला, तर माणूस तो पहिल्या रिंगमध्ये उचलतो.

"गुड मॉर्निंग सर, मी केव्हिन. विंडोजच्या टेक्निकल डिपार्टमेंटमधून बोलतोय. तुमच्या कॉम्प्युटरकडून आम्हाला बिघाडाचे सिग्नल येताहेत."

काय तो आवाज! काय ते मार्दव! "सर" तर त्याने पहिल्या मिनिटात सात वेळा म्हटलं. माझ्या मुलाने मला गेल्या आठवड्यात दोनदा "बाबा, प्लीज" एवढंच म्हटलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो.

"कोणाचा फोन?" आतून हिने विचारलं.

"विंडोजचा. लॅपटॉप बिघडलाय म्हणे."

"तुम्ही तक्रार नोंदवली होती?"

मी हाताने तिला गप्प केलं. १९८ वर अकरा वर्षं काढलेला माणूस मी, आणि तो प्रश्न तिने विचारला.

केव्हिनने मला खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि आर एकत्र दाबायला लावलं आणि एक शब्द टाइप करायला सांगितला. "ई फॉर एलिफंट, व्ही फॉर व्हिक्टर, ई फॉर एलिफंट, एन फॉर नागपूर..." मी टाइप केलं. अमेरिकेतल्या माणसाला नागपूर माहीत आहे, याचा मला नुसता अभिमान वाटला. शंका नाही, अभिमान!

स्क्रीनवर एक भलीमोठी यादी उघडली. लाल गोल, पिवळे त्रिकोण, त्यात उद्गारचिन्हं. "सर, हे सगळे एरर्स आहेत. अजिबात क्लिक करू नका, पसरतील. किती आहेत ते मोजून सांगा." मी खरंच मोजायला लागलो. मुरलेला कारकून आहे मी. त्रेसष्टपर्यंत आलो तेव्हा केव्हिनच कंटाळला. "इनफ सर, इनफ."

मग एक काळी खिडकी उघडवली, तिच्यात आणखी एक शब्द लिहायला लावला. भराभर ओळी धावल्या. शेवटाकडे एक लांबलचक आकडा होता. केव्हिन म्हणाला, "हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त लायसन्स नंबर. जगात फक्त तुमच्याकडे आणि आमच्याकडे असतो. आता मी माझ्या रेकॉर्डमधून वाचतो, तुम्ही ताडून बघा. ट्रिपल एट, डी, सी, ए, सिक्स, झिरो..." अक्षर न् अक्षर जुळलं. आणि मी विरघळलो. सरकारी माणसाला नंबर जुळवून दाखवा, तो पुढे काही विचारत नाही. आम्ही डॉकेट नंबर याच तत्त्वावर देत होतो.

यानंतर त्याच्या सांगण्यावरून मी लॅपटॉपवर काहीतरी उतरवून घेतलं, एक आकडा त्याला वाचून दाखवला, आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरू लागला. मी हात वर केले. बाण फिरतोच आहे! लहानपणी आमच्या वाड्यात प्लँचेट करायचे, तेव्हा वाटी अशी सरकायची. तेव्हाही वाटी कोण ढकलतंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि तरी अंगावर काटा यायचा.

काळ्या खिडकीतून पुन्हा ओळी धावल्या आणि तळाशी उमटलं, व्हायरस फाउंड. रशियातल्या कुणीतरी माझ्या पेपरवाचनावर पाळत ठेवली होती. उपाय होता. तीन वर्षांचं संरक्षण, २९९ डॉलर. मात्र कार्ड नको, बँक नको. कोपऱ्यावरच्या दुकानातून गिफ्ट कार्डं आणायची, मागचं खरवडायचं आणि नंबर फोनवर वाचून दाखवायचे. तोवर फोन चालूच ठेवायचा. आणि दुकानदाराने विचारलं, तर नातवाच्या वाढदिवसाला हवीत म्हणून सांगायचं.

आता इथे मी सावध झालो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी मनातल्या मनात ८३ ने गुणलं. जवळजवळ पंचवीस हजार रुपये! आणि मी विचारलं, "सिनिअर सिटिझनला काही सवलत?" रेल्वेची सवलत बंद झाल्यापासून मी ती जिथे सुचेल तिथे मागतो.

"वन मिनिट सर, मॅनेजरना विचारतो."

पुढचं सगळं एका बटणाने घडवलं. आवाज बंद करायचं बटण केव्हिनकडून नीट दाबलं गेलं नाही. मागे पंचवीस-तीस जण एकदम बोलत असल्याचा गलका ऐकू आला, आणि त्यावर केव्हिनचा आवाज, स्वच्छ मराठीत:

"म्हातारा लय चिकट आहे रे. डिस्काउंट मागतोय."

परदेशात अचानक मराठी कानावर पडलं की माणसाला भरून येतं. तोंडातून निघून गेलं, "अरे बाळा, मग दे की."

असली शांतता मी केबल तोडली गेल्यावरच ऐकली आहे. स्क्रीनवरचा बाण होता तिथे गोठला. तीन-चार सेकंद गेले. मग अगदी खालच्या आवाजात, बहुधा तोंडातून आपोआप, "सॉरी काका." आणि फोन कट.

मी मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "अनोळखी माणूस लॅपटॉप चालवत होता" एवढं ऐकल्यावर मीटिंगमध्ये नव्हता. "बाबा, आधी वायफायचा डबा बंद करा. लॅपटॉपचं बटण दाबून धरा, स्क्रीन काळी होईपर्यंत सोडू नका. त्याच्यावर बँक उघडली होती?" उघडली होती. पेन्शन जमा झाली का ते मी रोज बघतो, महिन्यातून एकदाच जमा होत असली तरी. मग दुसऱ्या लॅपटॉपवरून सगळे पासवर्ड बदलणं, भारतातल्या बँकेला रात्रीचं उठवणं, आणि शनिवारी त्या बिचाऱ्या यंत्राचं पोट साफ करून विंडोज नव्याने घालणं, हे सगळं मुलाने केलं. एकदाही रागावला नाही. तेच जास्त लागलं.

शनिवारीच त्याने मला गंमत दाखवली. सुनेच्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर ती यादी उघडली. लाल गोल, पिवळे त्रिकोण, ढिगाने! ही यंत्राची रोजकीर्द आहे. कुठे छापखाना सापडला नाही, कुठे घड्याळ जुळवायला उशीर झाला, सगळं त्यात पडतं. धडधाकट यंत्रातही पडतं. मग तो "गुप्त" नंबर. सुनेच्या लॅपटॉपवर तोच. मुलाच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तोच. विंडोजच्या आतल्या एका सोयीचा तो ठरलेला क्रमांक, सगळीकडे सारखाच. थोडक्यात, केव्हिनने फोनवरून सांगितलं होतं, "सर, तुमच्या चेहऱ्याच्या मधोमध नाक आहे," आणि मी चाचपून "अगदी बरोबर!" म्हटलं होतं. आणि काळ्या खिडकीत दुसऱ्यांदा धावलेल्या ओळी? त्या आज्ञेने नुसती फोल्डरांची जंत्री छापली जाते. शेवटचे दोन शब्द त्याने स्वतःच्या हाताने टाइप केले होते.

नऊ वर्षांच्या नातवाने शेरा मारला, "आजोबा, स्क्रीनवरच्या वॉर्निंगमध्ये फोन नंबर असेल ना, तर ती फेकच असते. खऱ्या वॉर्निंगमध्ये नंबर नसतो." त्याला हे शाळेत सांगितलं होतं. आम्हाला शाळेत पृथ्वीचं परिवलन शिकवलं.

रात्री मात्र मला झोप लागेना. माझं घर मीरा रोडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये, माझ्या निवृत्तीच्याच वर्षी, ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर धाड घातली होती. ७०० हून अधिक पोरंपोरी एका रात्रीत चौकशीला. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जायचे: तुम्ही कर बुडवलाय, पोलीस दारात येताहेत, गिफ्ट कार्डांचे नंबर वाचा. सकाळी दूधवाल्यापासून सगळे तेच बोलत होते, आणि आमच्या बाकड्यावर एकमत झालं होतं, की अमेरिकन भलतेच बावळट. केव्हिन मीरा रोडचा होता असं मी म्हणत नाही. पण असू शकेल. त्याला एडिसनमधला म्हातारा सापडला, तोही त्याच्याच स्टेशनवर उतरणारा. विमानाचं भाडं मी उगीच घातलं.

पुढच्या रविवारी तिथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या बैठकीत मी हा किस्सा रंगवून सांगितला. हशा झाला. चहाच्या वेळी एक काकू बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी कार्डं आणली हो. दुकानातली मुलगी दोनदा म्हणाली, आजी, नका घेऊ. मी तिच्यावरच चिडले. लेकीला अजून सांगितलेलं नाही." तीन आठवडे त्या एकट्याच ते पोटात घेऊन वावरत होत्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई. एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा खोट्या टेक सपोर्टच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतली रक्कम ९२ कोटी डॉलरच्या वर जाते, आणि ती फक्त ज्यांनी तोंड उघडलं त्यांची. काकूंना मी म्हटलं, आज घरी जाऊन सांगा. त्यांनी सांगितलं. लेक रडली, मग कार्ड कंपनीला फोन केला. एका कार्डावरचे पैसे अजून कुणी काढले नव्हते, तेवढे थांबले.

माझ्या समाधानासाठी मुलाने मला जिम ब्राउनिंगची गोष्ट सांगितली. या नावाने वावरणारा एक ब्रिटिश गृहस्थ या भामट्यांच्याच कॉम्प्युटरांत शिरून त्यांचं चित्रण करतो. त्याने केलेल्या चित्रणावर बीबीसीने २०२० मध्ये कार्यक्रम केला. आणि २०२१ मध्ये एका भामट्याने यूट्यूबची मदत-यंत्रणा असल्याची बतावणी करून त्याच्याच हाताने त्याचं चॅनेल पुसायला लावलं! पुढे ते परत मिळालं. हे ऐकून मला त्या रात्री चांगली झोप लागली.

तीन आठवड्यांनी "स्टीव्ह"चा फोन आला, तेव्हा मात्र मी तयार होतो. ब्रिटनमधल्या ओटू या मोबाइल कंपनीने पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात डेझी नावाची एक कृत्रिम आजी तयार केली. ती मांजर आणि विणकाम यांवर बोलत भामट्यांचा वेळ खाते. यंत्राला जे नोव्हेंबरात जमलं ते मी जूनमध्येच करून दाखवलं, तेही मांजरावाचून. स्टीव्हने बिघाड सांगताच मी इंग्रजीत म्हणालो, "तक्रार नोंदवून घेतो. तुमचा नंबर? पत्ता? डॉकेट नंबर लिहून घ्या. लाईनमन जेवायला गेलाय, धरून ठेवा." फोन टेबलावर ठेवून मी चहा केला. परत येऊन म्हणालो, "केबल भिजलीय." बावीस मिनिटं! शेवटी त्याने हिंदीत शिवी हासडली. अगदी सुमार. १९८२ चा कुठलाही सिंधी व्यापारी त्याला शिकवणी देऊ शकला असता.

मुलगा यावर रागावला, या वेळी खरोखर. म्हणाला, बाबा, तुम्ही बोलत बसलात की त्यांच्या यादीत आपल्या नंबरापुढे खूण होते, इथे कुणीतरी उचलतं म्हणून. झालंही तसंच. दिवसाला चार-चार फोन यायला लागले, आणि शेवटी त्याने तो फोनच काढून टाकला. त्यामुळे माझा बावीस मिनिटांचा विक्रम कुणी मोडायला जाऊ नये. ऐकायचं, ठेवून द्यायचं. आणि पैसे गेलेच, तर लाज आवरून लगेच बँकेला कळवायचं. भारतात असाल तर १९३० फिरवायचा. या नंबरवर तक्रार नोंदवल्यावर पुढे काहीतरी होतं, हे मला अजून पचलेलं नाही.

आता मी मीरा रोडला परत आलोय. घरचं इंटरनेट बंद पडलंय. कंपनीचा नंबर मी गूगलवर शोधला नाही. तिथेही केव्हिन दुकान मांडून बसलेले असतात. बिलाच्या मागच्या बाजूचा नंबर भिंग लावून वाचला आणि लावला. पाऊण तास संगीत ऐकलं, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, वहीत लिहून ठेवला. नंतर आणखी दोनदा आठवण केली. आज अकरावा दिवस. कुणाचाही फोन नाही, कुणीही आलेलं नाही.

कंपनी अस्सल आहे.