मामा, आधी सही करा

आमच्या भाच्याने स्टार्टअप काढलाय. ‘कशाचा रे?’ म्हटल्यावर त्याने चार पानी करार पुढे केला. एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार. आधी मामाची सही, मग धंद्याची गोष्ट. गोपनीय माहितीची व्याख्या वाचली : तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक वा अन्य कुठल्याही स्वरूपात कळलेले सारे काही, त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का असो वा नसो. पाचशेच्या स्टँपपेपरवर (शंभरात भागायचे दिवस २०२४ मध्ये सरले) सही ठोकली, तेव्हा कळले की चिरंजीव घरोघरचे डबे ऑफिसात पोचवणार आहेत. हे गुपित मुंबईच्या डबेवाल्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच फोडलेय. अशा करारांत एक कलम हमखास असते : जे आधीच जगजाहीर, ते गोपनीय नाही. त्या एका कलमात भाच्याचा अख्खा धंदा करारातून बाहेर पडतो. पण हे त्याला सांगणार कोण? सही केलीय ना मी.

खरी गुपितेही असतात. १९७७ मध्ये सरकारने भांडवलातला हिस्सा कमी करा, तंत्रही इथल्या कंपनीला द्या म्हटल्यावर कोका-कोलाने भारत सोडला, पण कृती दिली नाही.

आपल्याकडच्या नोकरदाराला कुठली कृती ठाऊक असते? तरी रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात हा करार असतोच आणि त्यात ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे याच धंद्यात जाणार नाही’ हेही घुसडलेले असते. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम अशी अट रद्दबातल ठरवते. मसुदा करणाऱ्या वकिलाला हे पक्के ठाऊक असते. ज्याला नसते, त्याच्यासाठीच ती अट छापलेली असते. शिवाय पगारही गोपनीय. का, तर दहा वर्षे घासलेल्याला कालच्या पोराचा आकडा कळू नये.

गुपित कुणाचे आणि तोंड कुणाचे बंद, हे पाहायचे तर लंडनला जावे. हॉलिवूडचा निर्माता हार्वे वाइन्स्टीन याची सहायक झेल्डा पर्किन्स हिने सहकारी तरुणीवरच्या अत्याचाराची तक्रार उचलून धरली, तेव्हा १९९८ मध्ये तिच्याकडून असाच करार लिहून घेतला. ती मानसोपचारासाठी गेली, तर तिथल्या तज्ज्ञानेही आधी गुप्ततेची सही करायची! आणि कराराची प्रत? ती तिला जवळ ठेवू दिली नाही. काय काय बोलायचे नाही, ते बाईंनी पाठ करून ठेवायचे.