'गाडी निघालीच' म्हणणाऱ्या साहेबांस

रा. रा. पॅकर्स-मूव्हर्सचे मॅनेजरसाहेब यांसी,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण इतके गोड बोलता की प्रत्यक्ष भेटीची गरजच उरू नये. आपणही ती ठेवली नाहीत. ठाण्याहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं म्हणून मी फोन केला, तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारलेत, "टू बीएचके ना? लिफ्ट आहे ना?" आणि भाव सांगून मोकळे झालात. सामान बघायला माणूस पाठवता का, असं विचारलं तर म्हणालात, "मॅडम, वीस वर्षं हेच करतोय, बघायचंय काय त्यात?"

वीस वर्षांत आपण एकदाही माळा पाहिलेला नसावा. खोल्या दोन असोत की तीन, मराठी घराचं खरं सामान माळ्यावर आणि दिवाणाच्या पोटात असतं. गणपतीचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या, सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला मिक्सरचा खोका (मिक्सर केव्हाच गेला). हे फोनवरून दिसत नाही. दिसलं नाही की गाडी लहान येते, माणसं कमी येतात, आणि मग उशिराचं खापर फोडायला घोडबंदर रोड आहेच. तो बिचारा आधीच बदनाम, त्यात आणखी एक आळ.

त्या सकाळी आठला आपण म्हणालात, गाडी निघालीच. नऊला ती वाटेत होती. दहाला पाच मिनिटांवर होती. साडेबाराला ती आली, तेव्हा चहा पिता पिता ड्रायव्हरदादांनी भाबडेपणाने सांगून टाकलं की सकाळी मुलुंडची एक शिफ्टिंग उरकूनच ते इकडे आले. म्हणजे वाहतूक तुंबली ती रस्त्यावर नव्हे, आपल्या डायरीत. एका दिवसात दोन बिऱ्हाडं घ्यायची, पहिल्याला सकाळ द्यायची आणि दुसऱ्याला 'निघालीच' द्यायचं, हा हिशेब मात्र चोख आहे.

आमच्या सोसायटीत सामानासाठी लिफ्ट सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. हे मी आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर चार दिवस आधी कळवलं होतं. उत्तरादाखल आपण अंगठा पाठवलात. साडेबारानंतर उरलेल्या वेळात दोन माणसांनी (ठरली होती चार) अख्खं घर बांधून उतरवायचं होतं. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. सकाळपासून पोटात एका वडापावाखेरीज काही नव्हतं, तरी कपाट त्यांनी जपूनच उतरवलं. तक्रार आहे ती त्यांना काय काय काढायचंय हेच न सांगता पाठवणाऱ्याबद्दल.

उदाहरणार्थ, एसी. तो भिंतीवरून नुसता उतरवून चालत नाही. त्यातला गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन व्हॉल्व्ह बंद करावे लागतात, आणि तेवढं येणारा माणूस आदल्या दिवशीच येऊन गेलेला बरा. आपला माणूस दुपारी तीनला 'येतोच' म्हणाला आणि पाचला आला. तोवर एसी भिंतीवर आणि आम्ही त्याच्याखाली.

किंवा वॉशिंग मशीन. समोरून दार असलेल्या मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लटकलेला असतो. हलवण्याआधी मागच्या बाजूने ट्रान्झिट बोल्ट लावून तो घट्ट करायचा असतो. ते बोल्ट बहुतेक घरांतून पहिल्याच आठवड्यात भंगारात जातात. मी मात्र ते डाळीच्या जुन्या डब्यात जपून ठेवले होते. आपल्या पोराच्या हातात डबा दिला, तर त्याने एक बोल्ट उजेडात फिरवून पाहिला आणि विचारलं, "ताई, हे कशाचे?" मी सांगितलं. तेवढ्यात खालून वॉचमनने लिफ्ट बंद व्हायला दहा मिनिटं उरल्याची हाक दिली. पोरांनी मशीन तसंच उचललं. बोल्ट पुण्यात सुखरूप पोचले, डाळीच्या डब्यातूनच.

सामान मात्र लगेच पोचलं नाही. थेट गाडी ठरली होती. आपण ते भिवंडीच्या गोदामात उतरवलंत आणि पुण्याकडे जाणारं आणखी कुणाचं सामान मिळेपर्यंत तिथेच ठेवलंत. ठाणे ते पुणे हे अंतर काही तासांचं. आमच्या गाद्यांनी त्यासाठी तीन दिवस घेतले आणि तोवर नव्या घरात आम्ही सतरंजीवर झोपलो. आपल्या कागदावर पोचण्याच्या तारखेचा रकाना कोरा होता, आणि सामानाच्या यादीत शेवटची ओळ होती : 'किरकोळ – १ लॉट'. त्या एका लॉटमध्ये आमचं सगळं स्वयंपाकघर होतं.

कागदाचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्या धंद्यासाठी कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ नावाचा कायदा आहे. त्यानुसार माल वाहणाऱ्याला नोंदणी लागते आणि माल ताब्यात घेतल्यावर रीतसर पावती द्यावी लागते. मला आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलात, तोही अर्धा कापलेला. नुकसानीचा दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. वॉशिंग मशीन आता सुकवायला लागलं की खोलीभर चालतं, तेव्हा ती नोटीस मी पोस्टाने धाडली आहे. आपण फोनवर म्हणालात, मिळाली नाही. पोचपावतीवर आपल्याच ऑफिसचा शिक्का आहे.

कळावे,
आपली (पुन्हा कधीही न होणारी) ग्राहक

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या, पुढच्या महिन्यात घर हलवणाऱ्या मंडळींसाठी : घर बघायला माणूस येऊन माळ्यासकट यादी करून जाईपर्यंत अ‍ॅडव्हान्स देऊ नका. गाडी थेट जाणार की वाटेत माल बदलणार, किती माणसं येणार आणि कोणत्या तारखेला सामान पोचणार, हे बिल्टीवर (म्हणजे मालाच्या पावतीवर) लिहून घ्या. एवढं करूनही गाडी 'निघालीच' असेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.