चोराच्या गोपनीयतेस सादर

प्रति,
माननीय खाते सुरक्षा पथक,
(आपला पत्ता आपल्या ईमेलवर नसतो, आणि त्या ईमेलला उत्तर पाठवलं तर ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असं उत्तर येतं. म्हणून हे पत्र उघड्यावर टाकते आहे.)



आपला ईमेल पोचला. फार सभ्य भाषेत लिहिलात. माझ्या तक्रारीची आपण बारकाईने चौकशी केलीत. सदर खरेदी माझ्या खात्यावरून झालेली नसून ‘अन्य एका खात्यावरून’ झाल्याचं आपल्याला आढळलं. त्या खातेधारकाच्या गोपनीयतेचा मान राखणं आपल्यावर बंधनकारक असल्याने यापुढे काही सांगता येत नाही. खाली ठळक अक्षरात, ‘आपल्या समाधानातच आमचा आनंद’.

म्हणजे हिशेब असा. कार्ड माझं. पैसे माझे. खरेदी मी केलेली नाही, हे आपणच लिहून दिलंत. कुणी केली ते आपल्या पडद्यावर दिसतंय. आणि ते मला दिसू नये म्हणून आपण दाराला पाठ लावून उभे! चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे ऐकून माहीत होते. चोराच्या अब्रूला धक्का नको म्हणून संन्याशाला ‘जरा हळू बोला’ सांगणारे मात्र आपणच पहिले.

त्या खरेदीबद्दल आपण जे सांगत नाही, त्यातलं थोडं बँकेचं स्टेटमेंट सांगतं. एकाच रात्रीतल्या तीन ओळी. पहिली ८७ रुपये १४ पैशांची. दुसरी ४,१७२ रुपये ६० पैशांची. तिसरी पुन्हा तेवढ्याचीच. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा एक गुंता, त्यात आपल्या नावाची तीन अक्षरं कशीबशी ओळखू येतात, मग एक चांदणी, मग आकड्यांची माळ आणि शेवटी परदेशातल्या एका शहराचं नाव, जिथे मी जन्मात पाऊल ठेवलेलं नाही. दोन्ही मोठ्या रकमांखाली बँकेनेही आपली पोळी भाजून घेतली आहे. परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के, १४६ रुपये ४ पैसे. त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी, २६ रुपये २९ पैसे. चोरी झाली, चोरीची हमाली कापून झाली आणि हमालीवरचा करसुद्धा सरकारजमा झाला. इतकी कागदोपत्री चोख चोरी मी पाहिली नव्हती.

८७ रुपयांच्या ओळीवर बोट ठेवून बँकेतले गृहस्थ म्हणाले, ‘टेस्टिंग.’ कार्ड चालतंय का ते आधी चिल्लर रकमेने बघतात, चाललं की मोठा हात मारतात. आणि माल डिजिटलच का घेतात, तर त्याला पत्ता लागत नाही, कुरिअरवाला दार वाजवत नाही, सोसायटीच्या गेटवर नोंद होत नाही. गेममधली नाणी, गिफ्ट कोड असलं काही क्षणात हातात पडतं आणि कमी किमतीत लगेच पुढे विकता येतं. हे आपल्याला मी शिकवायला नको. मध्यरात्री एका परक्या खात्याने आधी चिल्लर आणि मग लागोपाठ दोनदा एकच मोठी रक्कम काढावी आणि आपल्या त्या जगप्रसिद्ध यंत्रणेच्या भुवया उंचावू नयेत, याचंच नवल.

ओटीपी कसा आला नाही, असं शेजारीपाजारी विचारतात. देशातल्या ऑनलाइन दुकानांत कार्डाला हे दुसरं कुलूप रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून लावायला लावलं. परदेशी व्यापाऱ्यावर ती सक्ती नव्हती. सीमेपलीकडे कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम भागतं. आपल्या जाहिराती हिंदीत, गिऱ्हाईक गाझियाबादचं, आणि बिल मात्र साता समुद्रांपलीकडून फाटतं. का फाटतं ते करसल्लागार जाणोत. त्या वाटेवर ओटीपीचं नाकं लागत नाही, एवढं मला कळलं.

पण गोपनीयतेबद्दल आपण बोलावं? मध्यंतरी मी गुडघेदुखीवरचा एक व्हिडिओ पाहिला. तेव्हापासून माझ्या फोनवर गुडघ्याचे पट्टे, गुडघ्याची तेलं आणि गुडघा बदलून देणारी इस्पितळं यांची रीघ लागली आहे. घरातल्या इतरांच्या फोनवरही हीच मिरवणूक. माझे गुडघे जगजाहीर आणि चोराचं नाव बंद लखोट्यात!

बरं, मला त्याचं नाव नकोच आहे. ते पोलिसांना द्या. माझे प्रश्न साधे होते. काय विकलंत? तो माल परत घेतलात का? ते खातं बंद केलंत का? आणि माझं कार्ड अजून त्या खात्याला जोडलेलं आहे का? या शेवटच्या प्रश्नालाही आपण तेच उत्तर दिलंत. माझं कार्ड त्याच्या खात्यात आहे की नाही, हे मला सांगणं म्हणजे त्याच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणं! आपण नेमके कुणाचं खातं सुरक्षित करणारं पथक आहात, हे त्या ओळीनंतर स्पष्ट झालं.

इथवरचं उपरोधाने लिहिता आलं. पुढचं येणार नाही.

तुमच्या पहिल्या उत्तरात एक वाक्य होतं: ‘चौकशीस सात ते दहा कामकाजाचे दिवस लागतील, या काळात बँकेकडे वेगळी तक्रार करू नये.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक माहीत नव्हतं, की चांगलंच माहीत होतं? त्यात असं आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणी हात मारला असेल, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवलं, तर त्याच्यावर एका पैशाचीही जबाबदारी नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर नेहमीच्या बचत खात्याच्या ग्राहकाला दहा हजारांपर्यंतचा भुर्दंड बसू शकतो. सात दिवस उलटले, की बँकेच्या धोरणात जे असेल ते. वेळेत कळवलं तर बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा, आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची.

आता तुमचे ‘सात ते दहा दिवस’ या पट्टीवर ठेवा. जो तुमच्यावर विश्वास टाकेल, मुकाट्याने वाट पाहत बसेल, त्याच्या हातात तुमचं ते गोपनीयतेचं पत्र पडेपर्यंत त्याचं संरक्षण संपलेलं असेल. माझी सगळी रक्कम दहा हजारांच्या आतली. म्हणजे चौथ्या दिवशी बँकेत गेले असते, तर ती पैन्‌पै माझ्याच डोक्यावर बसू शकली असती. अशा किती जणांना तुम्ही ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणून बसवून ठेवलंत? पेन्शनवर जगणारे, पहिल्या पगाराचं कार्ड मिळालेली पोरं, इंग्रजी ईमेल आला की त्यात खरंच असणार असं मानणारी माणसं. त्यांचे तीन दिवस तुम्ही गोड बोलून खाल्लेत. पैसे चोराने नेले, दाद मागायची मुदत तुम्ही नेलीत. लाज वाटायला हवी.

मी वाचले ती तुमच्यामुळे नाही. तुमच्याकडे फोन उचलणाऱ्या एका मुलीमुळे.

कुठून बोलत होती ठाऊक नाही. गुरुग्रामच्या उद्योग विहारातून असेल, नाही तर आमच्या गाझियाबादच्या इंदिरापुरमसमोर महामार्गापलीकडे नोएडाचं सेक्टर ६२ आहे, तिथल्या एखाद्या काचेच्या इमारतीतून असेल. मागे पन्नास जणांचा कलकलाट. ‘मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ मैम’ हे ती अशा सुरात म्हणाली, की त्या दिवसात ते कितव्यांदा म्हणत असेल याचा अंदाज यावा. मी तिच्यावर ओरडले. ती तेही शांतपणे ऐकून घेत होती. मग एकाएकी आवाज खाली आला. ‘मैम, तीन दिन के अंदर बैंक में डिस्प्यूट डाल दीजिए। हमारा इंतज़ार मत कीजिए।’ आणि पुढच्या श्वासाला पुन्हा तोच ठरलेला सूर: ‘क्या मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?’

अहो पथक, तुमच्या सगळ्या पत्रव्यवहारात मला मिळालेली खरी मदत ती एवढीच, दोन वाक्यांची, आणि ती देणाऱ्या मुलीला तुम्ही शिक्षा कराल. कॉल रेकॉर्ड होतो हे तिनेच मला सुरुवातीला सांगितलं होतं. तुमचा कुणी तपासनीस कानाला हेडफोन लावून ते ऐकेल, ‘स्क्रिप्ट सोडली’ म्हणून गुण कापेल, महिनाअखेरीला इन्सेन्टिव्ह जाईल. कॉल लांबला म्हणून एएचटी (प्रत्येक कॉलचा सरासरी वेळ) बिघडला, त्याचंही पाप तिच्याच माथी. जिने काही चोरलं नाही तिने रात्रभर माफी मागायची, रात्रपाळीच्या कॅबमधून पहाटे घरी जायचं, संध्याकाळी पुन्हा माफी मागायला यायचं. म्हणून या पत्रात तिचं नाव नाही, तारीख नाही, कॉलची वेळ नाही. घ्या, आम्हालाही गोपनीयता राखता येते. फक्त कुणाची राखावी हेही आम्हाला कळतं.

मी डिस्प्यूट टाकला, तसा तुमचा सूर पालटला. ‘बँकेमार्फत रक्कम परत घेतल्यास आपले खाते स्थगित होऊ शकते.’ म्हणजे मी रीतसर पैसे मोजून घेतलेले सिनेमे, पुस्तकं, सगळं ओलीस. ही खोड तुम्ही शोधून काढलेली नाही. अमेरिकेत फोर्टनाइट हा खेळ चालवणाऱ्या एपिक गेम्सने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २४.५ कोटी डॉलर द्यायचं डिसेंबर २०२२ मध्ये मान्य केलं. कमिशनच्या आरोपांत हाही एक होता, की न केलेल्या खरेदीबद्दल कार्ड कंपनीकडे दाद मागणाऱ्यांची खाती एपिकने कुलूपबंद केली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवणुकीच्या तेरा युक्त्यांची यादी अधिसूचित केली आहे. वर्गणीचा सापळा, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, खोटी घाई असे एकेक प्रकार. चौदावा प्रकार तुमच्या नावाने सुचवावा म्हणते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. तुमचा चॅटबॉट ‘मी ही खरेदी केलेली नाही’ या वाक्याला ‘खरेदीबद्दल अभिनंदन’ म्हणाला, ते सोडून दिलं. बँकेने कार्ड बंद केलं आणि त्याबरोबर विम्याचा हप्ता नि वीजबिलही लटकलं, तेही निस्तरलं. घर उत्तर प्रदेशात, बँकेची शाखा दिल्लीत, तुमची पाटी हरियाणात. आम्हा दिल्ली-एनसीआरवाल्यांची चोरीसुद्धा तीन राज्यांची पोलीस ठाणी हिंडते. दिल्लीत मे २०२५ पासून सायबर फसवणुकीच्या ऑनलाइन तक्रारीचा आपोआप झिरो एफआयआर (ठाण्याची हद्द न बघता गुन्ह्याची नोंद) होण्याची सोय आली, पण सुरुवात दहा लाखांच्या वरच्या रकमांपासून. चोराने जरा सढळ हाताने खर्च केला असता तर माझीही वर्णी लागली असती.

असो. बँकेने मूळ रक्कम तात्पुरती जमा केली आहे आणि आता ती तुमच्याकडे पुरावा मागेल. काय विकलं, कधी विकलं, कोणत्या खात्याला दिलं, हे तिथे तुम्हाला लिहावं लागेल. तिथे गोपनीयतेचं तुणतुणं वाजवलंत तर पैसे तुमच्याच खिशातून जातील, म्हणून तुम्ही ते वाजवणार नाही, याची मला खात्री आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, चक्क मराठीतून. बँक तीस दिवस गप्प राहिली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं दार आहेच. आणि दोन्ही मोठ्या रकमांवरचं शुल्क आणि कर मिळून ३४४ रुपये ६६ पैसे अजून कुणीच परत केलेले नाहीत. ते तुम्ही द्यायचे की बँकेने, हे आपसात ठरवा. मी ते सोडणार नाही. ते आल्यावरही विचारत राहणार आहे, की त्या रात्री माझ्या पैशांनी तुम्ही कुणाला काय विकलंत.

कळावे. लोभ आपल्याकडे आहेच, तो आवरावा ही विनंती.

आपली,
इंदिरापुरमची एक ग्राहक