जिगसॉ चालवा, दहाही बोटांनिशी

कॉर्डलेस जिगसॉ घरी आणल्याबद्दल अभिनंदन! एका फळीसाठी सुताराला पैसे का मोजायचे, या स्वाभिमानी विचाराने तुम्ही काही हजार मोजून यंत्र घेतलेत. हिशेब चोख आहे. आता घरात आणखी पंधरा-वीस फळ्यांची गरज तेवढी निर्माण करायची.

१. खोके उघडा. माहितीपुस्तिका बाहेर काढा, तिची चौपदरी घडी घाला आणि डुगडुगणाऱ्या डायनिंग टेबलाच्या पायाखाली सरकवा. तुमचे पहिले सुतारकाम यशस्वी झाले.

२. व्होल्टेज मिरवा. शेजारच्या काकांचे मशीन १८ व्होल्टचे, तुमचे २०. दोन्हींच्या पोटात त्याच पाच लिथियम सेलची माळ असते. एरवी प्रत्येकी ३.६ धरले तर १८ होतात, आणि पूर्ण चार्ज झाल्या झाल्या मोजले तर २०च्या वर जातात. पण काकांना हे सांगून काय मिळणार? बॅटरी मात्र मे महिन्यात गाडीच्या डिकीतच राहू द्या. उष्णतेने ती लवकर म्हातारी होते आणि नवी घ्यायला सबळ कारण मिळते.

३. पाते बसवा. त्याआधी बॅटरी काढून ठेवावी असे भित्री माणसे सांगतात. ‘दोन सेकंदांचं तर काम’ म्हणून बॅटरीसकट पाते बदलणाऱ्यांचे धाडस खरोखर वाखाणण्यासारखे असते, फक्त पुढे टाळ्या वाजवताना त्यांची थोडी अडचण होते. नुकतेच कापून झालेले पाते किती तापते, हेही चिमटीत धरून एकदा पाहा. दुसऱ्यांदा कोणी पाहत नाही.

लाकडाला मोठ्या, विरळ दातांचे पाते आणि पत्र्याला बारीक, दाट दातांचे, हा भेदभाव तुम्ही पाळू नका. खोक्यातून आलेल्या एकाच पात्याने प्लाय कापा, मग ॲल्युमिनियमची पट्टी, मग बाथरूमचा पाइप. दात झिजले की पाते कापायचे सोडून घासू लागते, धूर येतो आणि प्लायची कड काळी पडते. पाहुण्यांना ‘रस्टिक फिनिश’ म्हणून सांगा.

४. चांगली बाजू वर ठेवा. इथे थोडा इतिहास. स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतले अल्बर्ट कौफमन यांनी १९४६ साली शिवणयंत्रात सुईच्या जागी करवतीचे पाते लावले, त्यातून हे हत्यार निघाले असे म्हणतात. सुई कापडात खाली घुसते. जिगसॉचे नेहमीचे पाते मात्र वर येताना कापते, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. जाणकार सनमायका खाली करून मागच्या बाजूने कापतात, नाहीतर रेघेवर मास्किंग टेप चिकटवतात. तुम्ही महागडी सनमायका वरच ठेवा. डोळ्यांदेखत तिच्या कडेची झालर होताना पाहणे हा एक अनुभव आहे.

५. फळी धरायला माणूस बसवा. पाते वर येताना फळीलाही उचलू पाहते, तेव्हा यंत्राचा तळ फळीवर दाबून धरावा लागतो आणि फळी शिकंजाने आवळावी लागते. पण यंत्रावर सढळ हाताने खर्च करणारा माणूस शिकंजाची किंमत विचारतो आणि दुकानातून सरळ बाहेर पडतो. (हा अर्थशास्त्रातला प्रश्न मला आजवर सुटलेला नाही.) त्यापेक्षा फळी दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर आडवी टाका आणि एका टोकाला सुट्टीवर आलेला मेहुणा बसवा. स्टूल नसल्यास टीपॉय चालेल. पात्याचे टोक फळीखालून बाहेर येते, त्यामुळे फळी आणि टीपॉय एकाच मापात, एकाच वेळी कापून होतात. पलंगावर कापल्यास आवाज कमी येतो आणि गादीतला कापूस कोणत्या प्रतीचा होता तेही कळते.

६. पोशाख. लुंगी किंवा ढगळ बाह्यांचा झब्बा. गॉगल कपाळावर चढवा. तिथे डोळा फक्त शंकराला असतो हे आठवलेच तर खाली ओढा. मास्क खिशात ठेवा. एमडीएफचा पिठासारखा भुसा छातीत गेल्याशिवाय काम केल्यासारखे वाटत नाही.

७. कापा. वळणे कापायला जन्मलेल्या यंत्राकडून सरळ रेघ कापून घ्या. बाजूला पट्टी आवळून तिच्या कडेने यंत्र नेणे हा रडीचा डाव. पात्याला पुढे-मागे झोका देणारी शून्य ते तीन आकड्यांची कळ थेट तीनवर न्या. या झोक्याने काम झपाट्याने होते आणि कड कुरतडल्यासारखी दिसते. जाड लाकडात जोर लावून ढकललेत की पाते आत वाकते, मग वरून नव्वद अंशांचा दिसणारा काप खालून भलतीकडे निघतो. फळी वरूनच बघा. काप संपला की पाते थांबायची वाट न पाहता यंत्र उचला. मेहुणाही तेवढ्याच चपळाईने उठेल.

८. देखभाल वर्षातून एकदा, खंडेनवमीला. हवेच्या फटींतला भुसा ब्रशने झाडणे, पात्यामागचा रोलर पुसून तेलाचा थेंब सोडणे, तळाचे स्क्रू आवळणे, ही कामे पाच मिनिटांत होतात, म्हणूनच ती राहून जातात. हळदकुंकू मात्र भरपूर वाहा, शक्यतो त्याच फटींत. झेंडूची एखादी पाकळी आत गेली तर मोटर तापल्यावर सुवासही येईल.

९. आता सुताराला फोन करा. तो येईल, फळीच्या कडेवरून अंगठा फिरवील आणि विचारील, ‘‘कोणी कापलं हो हे?’’ मागच्या सुतारावर ढकला. तोही तेच करतो.