हवा चांगली आहे, हेल्मेट काढा!

साल २०९३. एक लाख कोटी डॉलर खर्चून एक यान परग्रहाच्या चंद्रावर पोचतं. काम काय, तर मानवजातीचे जन्मदाते शोधणं. तज्ज्ञमंडळी एका प्राचीन वास्तूत शिरतात. आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे असं यंत्र सांगतं आणि पुरातत्त्वज्ञ हॉलोवे साहेब हेल्मेट काढतात. बाकीचे आधी ओरडतात, मग तेही काढतात. ऑक्सिजन मोजला, जंतू, विषाणू, बुरशी यांची चौकशी पुढच्या मोहिमेत.

रिडली स्कॉटचा ‘प्रोमिथियस’ २०१२ साली आला तेव्हापासून या हेल्मेटावरून दोन पक्ष हमरीतुमरीवर आहेत. एक म्हणतो, तज्ज्ञ असं करूच शकत नाहीत. दुसरा म्हणतो, सिनेमा आहे, डोकं घरी ठेवून या. डोकं घरी ठेवायचं तर ‘आपण कुठून आलो’ असला प्रश्न आम्हाला तिकीट लावून का विचारता, हे दुसऱ्या पक्षाला कुणी विचारत नाही.

पहिल्या पक्षासाठी मात्र एक खरी गोष्ट आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघे परतले. चंद्रावरून काही जंतू आले असतील तर, म्हणून २१ दिवसांचं विलगीकरण ठरलेलं. राष्ट्राध्यक्ष निक्सनही त्यांच्याशी खिडकीच्या काचेआडून बोलले. पण त्याआधी भर प्रशांत महासागरात यानाचं दार उघडलं होतं, तिघांसाठी संरक्षक कपडे आत दिले होते आणि आतली हवा बाहेर मोकळी झाली होती. लाटांवर हिंदकळणाऱ्या त्या उकाड्यात माणसांना कोंडून ठेवणं बरं नव्हे, असा विचार त्यामागे होता. चंद्रावर जंतू असतेच, तर निक्सन काचेपाशी पोचेपर्यंत ते समुद्रात पोहत असते. तेव्हा तज्ज्ञ नियम मोडतात, अगदी डोळ्यांदेखत मोडतात. फक्त मोडताना त्यांच्यापाशी कारण असतं.

याच स्कॉटला १९७९ साली हे पक्कं माहीत होतं. ‘एलियन’मध्ये सहकारी केनच्या तोंडाला प्राणी चिकटलेला असताना रिप्ली यानाचं दार उघडत नाही. चोवीस तासांचं विलगीकरण, नियम म्हणजे नियम. कॅप्टन डॅलस ‘उघड’ म्हणतो, कारण दाराबाहेर त्याचा माणूस मरतोय. शेवटी उघडतो तो अ‍ॅश, कारण कंपनीचा गुप्त हुकूमच तसा आहे: प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील. तिघांची तीन कारणं, तिन्ही पटणारी. म्हणून त्या दारावरून आजतागायत कुणी ‘पटकथेत भोक’ म्हणून बोंब मारली नाही. नियम पाळणारी रिप्ली शेवटी उरते. सोबत एक मांजर.

आता ‘प्रोमिथियस’चा भूगर्भशास्त्रज्ञ फिफिल्ड बघा. वास्तूचा नकाशा काढणारे उडते गोळे त्याचेच, त्यानंच सोडलेले. हरवतो कोण? तोच. काखेत कळसा म्हणतात ते हेच, आणि गावाला वळसाही असा की नेमका काळ्या द्रवाच्या बरण्यांच्या खोलीत मुक्काम. तिकडे यानावर कॅप्टनसमोर तो नकाशा जिवंत झळकतोय, पण साहेबांना तेवढ्यात दुसरीकडे बोलावणं येतं. आणि सोबतचा जीवशास्त्रज्ञ मिलबर्न! दोन हजार वर्षांपूर्वीचं प्रेत बघून याची पाचावर धारण बसली होती. आता काळ्या चिखलातून जिवंत सापासारखं काहीतरी फणा काढून उभं राहतं, तर हा लाडात येऊन हात पुढे करतो. मेलेल्याला घाबरणारा आणि जिवंताला गोंजारणारा माणूस एकच असू शकतो, नाही असं नाही. पण मधे काहीतरी घडावं लागतं. इथे मधे फक्त रात्र होते.

उलट ज्यावर लोक तुटून पडतात ते शस्त्रक्रियेचं यंत्र बिनचूक आहे. पोटात नको ते वाढतंय म्हणून मोहिमेतली एलिझाबेथ शॉ त्यात शिरायला जाते, तर यंत्र म्हणतं, मी फक्त पुरुषांसाठी. मालकीणबाई व्हिकर्सच्या दालनात पुरुषांचं यंत्र? हा कसला भोंगळपणा? भोंगळपणा नाही, म्हातारा मालक वेलँड यानात लपून बसलाय, त्याची ती सोय. अख्ख्या सिनेमात इतका नेटका धागा दुसरा नाही, आणि हसू होतं ते त्याचंच.

खरं भोक त्याच्या पुढच्याच मिनिटात आहे. शॉ पूर्ण शुद्धीत पोट फाडून घेते, टाके म्हणून धातूच्या पिना ठोकून घेते, आणि रक्तानं माखलेली, धडपडत वेलँडच्या खोलीत येते. तिथे वेलँडचे पाय धुणं चाललंय. कुणी विचारत नाही की बाई, हे काय झालं? ज्यांना झोडपून ती मघाशी पळाली, त्यांचीही तक्रार नाही. यंत्रमानव डेव्हिड तेवढा एक टोमणा मारतो. शेजारच्या दालनात एक वळवळणारं जनावर कोंडलेलं आहे, ते यानभर कुणाच्या गावी नाही. आणि बाई लगेच अंतराळपोशाख चढवून पुढच्या मोहिमेला तयार! आपल्याकडे नुसतं अपेंडिक्स काढलं तरी महिनाभर जिना चढू देत नाहीत.

गडगडत येणाऱ्या अवाढव्य यानापासून व्हिकर्स सरळ रेषेत पळते, बाजूला होत नाही, म्हणून चार्लीझ थेरनला आजवर पुष्कळ बोल लागले. ते सोडून द्या. घाबरलेला माणूस भूमिती करत नाही.

पण २०१७ च्या पुढच्या भागाला, ‘कव्हनंट’ला, काय सोडणार? तिथे अनोळखी ग्रहावर उतरताना मंडळी हेल्मेट घालतच नाहीत. पुढे कॅप्टन ओरम स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, की आपल्या सहकारी बाईचं मुंडकं उडवणाऱ्या राक्षसाशी डेव्हिड प्रेमानं हितगुज करतोय. कॅप्टन त्या राक्षसाला गोळ्या घालतो, डेव्हिडवर बंदूक रोखतो आणि खरं काय ते सांग म्हणतो. डेव्हिड त्याला तळघरात नेतो. तिथे एक ओलसर अंडं हळूच उघडतं. काही धोका नाही, डेव्हिड म्हणतो.

कॅप्टन वाकून बघतो.