शेंगेनला स्टेशन नाही

गेले तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलेलं नाही. टेबलावर युरोप पसरलाय. आल्प्सवर तांब्या, बेल्जियमवर चष्म्याचं घर, आणि लोणच्याच्या तेलाचा डाग नेमका व्हिएन्नावर. टूरबरोबर जायचं नाही असं यंदा ठरलं. पहाटे सहाला उठवून, स्वित्झर्लंडात पोहे आणि पॅरिसात पुरणपोळी खायला घालून परत आणलेले नातेवाईक पाहून सौ. म्हणाली, "आपण आपले रेल्वेने फिरू. युरोपात काय, गाडीत बसलं की पोचलं." असं कुणी म्हणालं की खुशाल समजावं, या माणसाने तिकीट अजून काढलेलं नाही.

बेत साधा होता. पॅरिस, म्युनिक, व्हिएन्ना, व्हेनिस, मिलान आणि परत पॅरिस. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस चार हजार किलोमीटरांहून जास्त धावते, आणि आपल्याकडे तेवढ्याला एक तिकीट आणि एक पीएनआर पुरतो. वेबसाइट मधेच झोपते, कॅप्चातली अक्षरं देवालाही वाचता येत नाहीत, हे सगळं कबूल. पण तिकीट एकच. तेव्हा पुढारलेल्या युरोपात 'येथून' आणि 'येथे' लिहिलं की काम झालं, अशी आमची भाबडी समजूत.

साडूंचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याला फोन लावला.

"काका, एकच तिकीट शोधत बसू नका. एखाद्या गाडीचं मिळतं, पुढचीचं मिळत नाही."

"अरे, पण युरोप एक झाला ना?"

"झाला की. पण सोसायटी एक झाली म्हणून कुणी मीटर एक करतं का?"

मुलगा पंधरा वर्षं तिकडे आहे, पण वाढलाय डोंबिवलीत.

आता हा एकीचा इतिहास पाहा. १४ जून १९८५ ला पाच देशांचे प्रतिनिधी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या खेड्यापाशी मोझेल नदीत एका बोटीवर जमले आणि सीमेवरची तपासणी बंद करण्याच्या करारावर त्यांनी सह्या केल्या. १९९५ पासून ते अमलात आलं. सह्या बोटीवर झाल्या हे मला फार सूचक वाटतं. त्या शेंगेन गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशनच नाही. गाडी पकडायची तर पूल ओलांडून पलीकडे जर्मनीतल्या पेर्लला जायचं. मंडळी रेल्वेने आली असती, तर करारात तिकिटाचं एखादं कलम नक्की पडलं असतं. लक्झेंबर्गने पुढे २०२० साली देशातली दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना फुकट केली. फुकट, पण सरहद्दीपर्यंत. पुढचा देश आला की काढा पाकीट.

इंजिनं मात्र शहाणी निघाली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या तारांत १५ हजार व्होल्ट, इटलीच्या बऱ्याच मार्गांवर ३ हजार, फ्रान्समध्ये कुठे २५ हजार तर कुठे दीड हजार. तरी तिकडे अशी इंजिनं आहेत, जी सीमा ओलांडताना नवी वीज गुपचूप पचवतात आणि पुढे निघतात. आपल्याकडेही एके काळी इगतपुरीला इंजिन बदलायचं. लोक खाली उतरून वडापाव खायचे, पण तिकीट खिशात तेच असायचं. युरोपात इंजिन तेच राहतं आणि तिकीट बदलतं.

दुसरं संकट गावांच्या नावांचं. वेबसाइटला आपण 'व्हेनिस' म्हणून हाक मारली तर ती ओ देईलच असं नाही. तिला 'व्हेनेझिया' लागतं. दिलं, तर ती विचारते, मेस्त्रे की सांता लुचिया? पहिलं स्टेशन जमिनीवर, दुसरं पाण्यातल्या खऱ्या व्हेनिसला. म्युनिकचं म्युन्शेन, व्हिएन्नाचं वीन, फ्लॉरेन्सचं फिरेन्झे. कहर इटालियनांचा. ते म्युनिकला 'मोनाको' म्हणतात. पुढे 'दी बाविएरा' लावलं तर नशीब, नाहीतर निघालात बिअर प्यायला आणि उतरलात जुगाराच्या गावी. बेल्जियममध्ये गाडी एका भाषेच्या मुलुखातून दुसऱ्या भाषेच्या मुलुखात शिरली की पाटीवरचं 'लिएज' बदलून 'लाउक' होतं. बेळगावच्या पाटीवरून एवढी वर्षं भांडणारी आपण माणसं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. पण तिकीट काढताना जातं.

मग भाव. बर्लिन ते प्राग ही एकच गाडी, पण जर्मन रेल्वेच्या वेबसाइटवर एक दर आणि चेक रेल्वेच्या वेबसाइटवर दुसरा, असं सर्रास होतं. हे कळल्यापासून सौ.च्या अंगात तुळशीबाग संचारली. एका खिडकीत जर्मन, दुसरीत चेक, तिसरीत ऑस्ट्रियन उघडून ती "त्या पलीकडच्याकडे स्वस्त आहे हो" असं स्क्रीनला ऐकवते. शिवाय जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना तिकीट म्हणजे फक्त चढायची परवानगी. बसायचं असेल तर आरक्षणाचे वेगळे पैसे. फ्रान्सच्या वेगवान गाडीत मात्र जागा तिकिटातच धरलेली. एकाच सहलीत आपण कुठे बसणार आणि कुठे उभे राहणार, याचा हिशोब आमच्या घरात मुंजीच्या पंगतीसारखा वहीत मांडलाय.

"मग पास काढा," असं सल्लागार म्हणतात. युरेल पास १९५९ पासून आहे, आज ३३ देशांत चालतो, आणि चांगला आहे यात वाद नाही. पण फ्रान्सच्या टीजीव्हीत, इटलीच्या वेगवान गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये पास दाखवूनही आरक्षण घ्यावं लागतं, त्याचे पैसे वेगळे, आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांच्या जागा मोजक्या. १९९५ साली, म्हणजे शेंगेन अमलात आलं त्याच वर्षी, राज आणि सिमरन युरोपभर गाड्यांतून हिंडले. सबंध चित्रपटात त्या दोघांना कुणी "तुमचं सीट रिझर्व्हेशन कुठंय?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. शेवटी धावत्या गाडीतून तिला हात दिला तो आपट्याला, आपल्या पनवेलजवळ. चढणं सोपं व्हावं म्हणून तो प्रसंग भारतात घेतला असणार, याबद्दल आता माझी खात्री झाली आहे.

या सगळ्यावर कडी म्हणजे चुकलेली जोडगाडी. युरोपात प्रवाशाच्या हक्कांचा कायदा आहे. एक तासाहून उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के परत, दोन तासांच्या वर ५० टक्के. वाचून ऊर भरून येतो. पण बारीक अक्षरात मेख आहे. सबंध प्रवास एका तिकिटावर असेल तरच पुढची गाडी चुकल्याची जबाबदारी रेल्वेची. दोन सुटी तिकिटं असतील तर पहिली रेल्वे म्हणते, आम्ही तुम्हाला आमच्या स्टेशनात आणून सोडलं. दुसरी म्हणते, आमची गाडी वेळेवर गेली, तुम्हीच नव्हता. म्हणजे एक तिकीट विकायचं नाही, आणि एक तिकीट नव्हतं म्हणून भरपाईही द्यायची नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही हे सुचलं नसतं.

आणि गाडी चुकते. २०२४ साली जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि तिथे 'वेळेवर'मध्ये सहा मिनिटांच्या आतला उशीरही धरतात. स्विस मंडळी तर फार उशिरा आलेल्या जर्मन गाडीला बाझललाच थांबवतात आणि प्रवाशांना आपल्या गाडीत बसवून पुढे नेतात. चिखलाच्या पायांनी आलेल्या पाहुण्याला ओटीवरच बसवावं तसं. त्यामानाने इटलीचा कारभार सरळ. तिथे रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकांच्या नोकरीच्या गाड्या संपातही चालवतात. याला म्हणतात संस्कार.

आता युरोपला हे कळत नाही असं नाही. जुलै २०२४ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी जाहीर वचन दिलं की, एका ठिकाणी एकच तिकीट मिळेल आणि सबंध प्रवासाला हक्क लागू होतील असा कायदा आणू. वचन उत्तम आहे. आम्ही मात्र तोवर थांबलो नाही.

परवाच्या रविवारी मुहूर्त काढला. कार्डावरचं 'इंटरनॅशनल' बंद होतं, ते चालू केलं. एका साइटने पिन कोड नाकारला, कारण तिला पाचच आकडे हवे होते. मी शेवटचा आकडा खोडला आणि आम्ही सरळ शेजारच्या तालुक्यात राहायला गेलो. दुसऱ्या साइटवर पैसे भरायला दहा मिनिटं होती. ओटीपी आला सौ.च्या फोनवर, आणि सौ. होती खाली भाजीवाल्याकडे. ती वर येईपर्यंत त्या गाडीचा स्वस्त दर संपला होता. कोथिंबीर मात्र फुकट मिळाली होती.

रात्री साडेअकराला काम पुरं झालं. पाच प्रवास, चार वेबसाइट, आरक्षणं धरून अकरा कागद. सगळी तिकिटं स्वस्तातली, म्हणजे बदलता येत नाहीत आणि रद्द केली तर पैसे परत नाहीत. सगळे कागद एका प्लास्टिकच्या फायलीत घालून वर 'युरोप' असं लिहिलं आणि मग शेंगेन व्हिसाचा अर्ज उघडला.

पॅरिसहून आमची गाडी ज्या दिवशी सुटते, त्यानंतर अकरा दिवसांनी व्हिसाच्या अपॉइंटमेंटची पहिली मोकळी तारीख आहे.