कुठली पानं फाटली होती?

डोंबिवलीत घर घेतलेल्या माणसाला विचारा, ‘कागद तपासलेत का?’ उत्तर ठरलेलं असतं : ‘बँकेनं लोन दिलंय, म्हणजे कागद क्लिअर असणार.’ बँकेला विचारा. ती म्हणते, ‘आमच्या पॅनलवरच्या वकिलांचा रिपोर्ट आहे.’ म्हणजे वीस वर्षांचे हप्ते, आईचे मोडलेले दागिने, गावाकडचा विकलेला तुकडा, हे सगळं शेवटी एका सहीच्या भरवशावर उभं असतं. ती सही वकिलाची असते. या आठवड्यात तिच्याबद्दल बोलायचंय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचे आदेश दिले. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांवर महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. रोज सकाळी लोकल पकडून कामाला जाणारी, हप्ते वेळेवर भरणारी कुटुंबं एका दिवसात बेकायदा इमारतीतली रहिवासी ठरली. तिथं खोटी होती ती बांधकाम परवानगी. त्या प्रकरणात वकिलांवर माझा आरोप नाही.

पण माझ्या व्यवसायबंधूंना एक प्रश्न आहे. महारेरात प्रकल्प नोंदवायचा तर जमिनीच्या मालकीबद्दल वकिलाचा टायटल रिपोर्ट द्यावा लागतो. घर घेणारा तो उघडतो. ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ हे शब्द वाचतो आणि निर्धास्त होतो. जमीन कुणाची हा एक प्रश्न आणि तिच्यावरची इमारत कायदेशीर आहे का हा दुसरा, हे त्याला कोण सांगणार? ‘मी फक्त मालकी तपासली आहे, बांधकाम परवानगी तपासलेली नाही’ हे एक वाक्य ठळक अक्षरांत लिहायला आपल्याला कितीशी शाई लागते?

आपल्या जिल्ह्यात मालकी तपासणं सोपं नाही, हे मी जाणतो. परवापर्यंत जिथं भात पिकत होता, तिथं आज सात मजले उभे आहेत. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात जमिनीचा सगळा भूतकाळ दडलेला असतो. कुठं कूळ कायद्याच्या कलम ४३ चं बंधन, कुठं आदिवासी खातेदार, कुठं वनाचा शेरा, कुठं सोसायटीचा बोजा. त्यात एकेक फेरफार मागे मागे जात वाचायचा. शिवाय दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तीस वर्षांचा सर्च घ्यायचा. संगणकाच्या आधीच्या सूची वह्यांमध्ये. त्या वह्यांची पानं जीर्ण असतात, काही फाटलेली असतात, काही जागेवरच नसतात.

म्हणून प्रत्येक सर्च रिपोर्टमध्ये एक वाक्य असतं : ‘फाटलेली व गहाळ पानं वगळून, उपलब्ध नोंदींच्या अधीन राहून.’ हे वाक्य प्रामाणिकही असू शकतं आणि शुद्ध पळवाटही. फरक फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतो.

मला हा फरक वकिलीच्या दुसऱ्या वर्षी कळला. कल्याण कोर्टाजवळ एका वकिलांच्या चेंबरमध्ये मी ज्युनिअर होतो. एका बिल्डरच्या जमिनीचा रिपोर्ट मी टाइप करून सरांपुढे ठेवला. सर पेन्सिल हातात धरूनच वाचायचे. त्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली.

‘कुठली पानं फाटली होती?’

मी गप्प.

‘बरं, वर्षं सांग.’

मला वर्षंही सांगता येईनात. खरं म्हणजे मी त्या जुन्या वह्यांपर्यंत गेलोच नव्हतो. संगणकावर होतं तेवढं पाहिलं आणि ते वाक्य आधीच्या रिपोर्टमधून जसंच्या तसं उचललं.

सर चिडले नाहीत. म्हणाले, ‘उद्या परत जा. फाटलेल्या पानांची वर्षं लिहून आण. आणि जी पानं तू बघितलीच नाहीस, ती फाटली होती असं लिहू नकोस.’

मी तीन दिवस गेलो. वह्या पाहिल्या, मग तलाठ्याकडून जुने फेरफार काढले. वारस नोंदीत दोन भाऊ आणि तीन बहिणी होत्या. पुढच्या फेरफारात बहिणी दोनच उरल्या होत्या. तिसरीचं हक्कसोडपत्र कुठंच नव्हतं, मृत्यूची नोंदही नव्हती. तिचं नाव नुसतं गळलं होतं. सरांनी तेवढंच रिपोर्टमध्ये लिहिलं आणि सही केली. बिल्डरनं फाइल उचलली आणि दुसरीकडे नेली. त्या महिन्यात चेंबरचं भाडं भरताना ओढाताण झाली. सरांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आज ज्युनिअर मुलं-मुली मला विचारतात, ‘सर, ग्रोथ कशी होणार?’ त्यांची अडचण खरी आहे. पहिली दोन-तीन वर्षं हातात पडतं त्यात लोकलचा पास आणि जेवण भागलं तरी नशीब. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. ठाण्या-कल्याणच्या किती चेंबर्समध्ये ती पाळली जाते, याचं उत्तर प्रत्येक सीनिअरनं आपल्या गल्ल्याकडे बघून द्यावं. ज्युनिअरला उपाशी ठेवायचं आणि त्यानं एजंटाच्या पैशाला भुलू नये म्हणायचं, हे मला पटत नाही.

कारण तो एजंट दारातच उभा असतो. रिपोर्ट तयार करून, टाइप करून आणतो. वकिलानं फक्त सही-शिक्का द्यायचा, पैसे रोख. बार कौन्सिलच्या आचारनियमांत ३७ वा नियम स्पष्ट आहे : वकिली करायचा अधिकार नसलेल्या कुणाच्याही कामासाठी वकिलानं आपलं नाव वापरू द्यायचं नाही. एजंटानं बनवलेल्या रिपोर्टवर सही देणं म्हणजे नेमकं हेच.

त्याच्या आधीचा, ३६ वा नियम, काम मागत फिरण्याबद्दल आणि जाहिरातीबद्दल. त्याची मोठी लढाई मुंबईतलीच आहे. फौजदारी कोर्टाच्या दारात उभं राहून येणाऱ्या पक्षकारावर झडप घालणाऱ्या, त्याच्या हातातले कागद ओढणाऱ्या वकिलांविरुद्ध महाराष्ट्राच्या बार कौन्सिलनं कारवाई केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७५ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी ठणकावून सांगितलं की वकिली हा धंदा नव्हे आणि पक्षकाराचं काम हा बाजारातला माल नव्हे. पन्नास वर्षं झाली. आता झडप मोबाइलवरून पडते, रील्समधून पडते. नियम तोच आहे.

पण सही चुकली तर वकिलाला होतं काय? २०१२ मध्ये नारायण राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की टायटलचं मत चुकलं एवढ्यावरून बँकेच्या वकिलाला फसवणुकीच्या कटातला आरोपी करता येणार नाही. कटात सामील असल्याचा पुरावा हवा. हा निकाल योग्यच आहे. प्रामाणिक चुकीसाठी कुणी तुरुंगात जाऊ नये. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं वकिलांना ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलं. म्हणजे सेवेत कसूर झाली म्हणून पक्षकार ग्राहक मंचात जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी मुख्य दार उरतं ते बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचं. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली ती समज देऊ शकते, सनद निलंबित करू शकते, नाव पटावरून काढूही शकते. तक्रार एका वर्षात निकालात काढावी असंही त्याच कायद्यात लिहिलंय.

वकिलांनो, समाजानं आपल्याला केवढी मोकळीक दिलीय बघा. डॉक्टरला ग्राहक मंचात खेचता येतं, आपल्याला नाही. आपला न्याय आपल्याच माणसांनी करायचा, एवढा विश्वास आपल्यावर टाकलाय. त्या विश्वासाची परतफेड नुसती सही देऊन होत नाही, वह्या उघडून होते.

आणि ग्रोथचं म्हणाल, तर माझ्या सरांचा चेंबर कधीच मोठा झाला नाही. एसी आला तोही उशिरा. पण ‘सरांचा रिपोर्ट आहे ना, मग बघायला नको’ असं दुसऱ्या बाजूचे वकील म्हणताना मी या कानांनी ऐकलंय. त्या वाक्यापर्यंत पोचायला त्यांना तीस वर्षं लागली. याहून मोठी बढती आपल्या व्यवसायात मला माहीत नाही.

आता घर घेणाऱ्यांसाठी. तुमच्या हातात सर्च रिपोर्ट येईल तेव्हा वकिलाला तीन प्रश्न विचारा. सर्च घेतल्याची पावती दाखवता का? बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन पडताळलीत का? आणि कुठली पानं फाटली होती?

शेवटच्या प्रश्नाला जो वकील न अडखळता वर्षं सांगेल, त्याची फी घासाघीस न करता द्या.